रूट केलेला फोन

२०२३ साल, मला त्र्याहत्तरावं चालू होतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा जन्म काढला, त्याची पेन्शन मिळते. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, नाही दिला तर पेन्शन बंद. त्या वर्षी लेक म्हणाली, "आबा, बँकेत कशाला हेलपाटे घालता? मोबाईलवर सरकारी अ‍ॅप टाकून दिलंय, त्याच्यासमोर तोंड धरलं की झालं." मोबाईल जावयानं दिलेला, त्याचा जुना. जावयाची वस्तू वापरणं मला पटत नव्हतं, पण लेकीखातर ठेवून घेतला.

महिना संपत आला तसं मोबाईलसमोर तोंड धरलं. पुन्हा पुन्हा धरलं. अ‍ॅप लाल अक्षरं दाखवायचं आणि बंद पडायचं. तसाच पाथर्डीला गेलो. स्टँडसमोरच्या मोबाईलवाल्यानं त्यात कसलीशी तपासणी टाकली आणि म्हणाला, "आजोबा, फोन रूट हाय."

मला रूट ठाऊक तो एसटीचा. म्हटलं, "कुठला रूट? शेवगाव का बीड?"

"व्हाया तिसगाव!" मागून कुणीतरी बोललं आणि सगळं दुकान खिदळलं. डोकंच फिरलं माझं.

"तसं न्हाई," मोबाईलवाला म्हणाला. "कंपनीनं आत कुलूप घातलेलं असतंय, ते कुनीतरी काढलंय. असल्या फोनवर सरकारी अ‍ॅप चालत न्हाई."

"मंग लाव की परत."

"सगळा फोन पुसावा लागंल. ज्यानं काढलं त्यालाच इचारा."

तिथंच उभ्याउभ्या, त्या हसणाऱ्यांसमोर जावयाला फोन लावला. "पाव्हणं, ह्याचं कुलूप तुमी काढलं का?"

"व्हय मामा. कंपनीनं नको ती अ‍ॅपं भरली हुती, निघंनात. म्हनून रूट केला."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"तुमाला काय कळनार हुतं त्यातलं?"

आमच्याकडं जावई वयानं लहान असला तरी सासरा त्याला अरेतुरे करत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, मीही कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "अरे, तुला लई कळतंय म्हनूनच मी सरकारात मेलेला ठरायची पाळी आली!"

जावई म्हणाला, "मामा, तोंड सांभाळा. उद्या येतो, करून देतो नीट."

"माझ्या दारात यायचं न्हाई."

संध्याकाळी लेकीचा फोन. रडत होती. "आबा, तेवढा 'अरे' शब्द माघारी घ्या." घेतला नाही. अजूनही घेतलेला नाही. चुकीच्या माणसाला बोललो असतो तर घेतला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं पाथर्डी गाठली आणि बँक उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. कारकून म्हणाला, "बाबा, हे मोबाईलवर होतं आता."

"मी हितं उभा हाय," म्हटलं, "मोबाईलला काय इचारता?" आणि त्यानं पुढं केलेल्या कागदी दाखल्यावर सही केली.