शेठचा चहा आणि आत्याचं ट्रान्झॅक्शन

शाळा सुटल्यावर मी आत्याच्या सदर भागातल्या ऑफिसात बसते. मी कमी बोलते, म्हणून तिथले लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. किस्से काय, आपोआप साचतात.

आत्या ग्राफ डेटाबेसचं काम करते. म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "आपली काकू लग्नात नव्या माणसाले काय विचारते? तू कोणाचा, तुझी मावशी कोणाच्या घरी दिली? नातं धरून धरून ती त्याच्या घरापर्यंत पोचते. तेच हे. फक्त काकू फास्ट आहे."

*

लकडगंजच्या एका लाकूड विकणाऱ्या शेठसाठी आत्याच्या ऑफिसने सिस्टीम बनवली होती. कोणत्या गोदामातून, कोणत्या रस्त्याने माल लवकर पोचेल, हे ती सांगायची. पण इतकी हळू, की शेठ वैतागले. "शनिवारपर्यंत फास्ट करा, नाहीतर काढून न्या."

ऑफिसकडे मोठं काम तेवढं एकच होतं.

*

आत्याने तो कोड उघडला; ऑफिसातल्या निखिलदादाने लिहिला होता. प्रत्येक बारीकसारीक प्रश्नाला तो नवं ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसशी नवा व्यवहार, उघडायचा, उत्तर घ्यायचा, बंद करायचा.

"काहून गा, तर्री-पोहे खाताना दर घासाले नवी प्लेट मागतं काय?" आत्याने त्याला विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी निखिलदादाने सगळंच काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबलं. ते संपेपर्यंत बाकीच्यांचे प्रश्न ताटकळले.

"घरी पाहुणे आले, अन् तू बाथरूममधी कपडे धुवून राहिला," आत्या म्हणाली. "बाहेर लाईन लागली ना बापा."

मग ती स्वतः बसली. एकमेकांशी जोडलेली कामं एकत्र बांधली, बाकीची सुटी ठेवली. जिथे माहिती नुसती वाचायची होती, बदलायची नव्हती, तिथे बाकीच्यांना अडवणारं कुलूपच लावलं नाही. आमची शिवणाची बाई कापड कापते तशी, आधी बराच वेळ बघत राहिली, मग एकदाच हात चालवला. निखिलदादाला ती एकदाही रागावली नाही.

*

शनिवारी मीही लकडगंजला गेले. शेठनी बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे चहा सांगायला मागे वळले. परत बघतात तर उत्तर हजर.

"हे उत्तर पहिलेच भरून आणलं काय?"

"रस्ता तुम्हीच बदला," आत्या म्हणाली.

शेठनी बदलला. उत्तर आलं. सगळ्या मुनिमांना एकदम बटण दाबायला लावलं. सगळ्यांची उत्तरं आली. चहा अजून आला नव्हता.

"राहू द्या सिस्टीम," शेठ हळूच म्हणाले. "पण मॅडम, थोडी स्लो करता येईन काय? समोर गिऱ्हाईक बसलं असते. मले विचार करायले टाइम पाहिजे."

आत्याने लॅपटॉप बंद केला.

"ते आमच्याकडून नाही होत, शेठ. विचार तुमचा तुम्हालेच फास्ट करा लागन."