अकरा नावं आणि माझी कात्री

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गात एक कागद वाटला होता. बातमीत नेहमी होणाऱ्या चुकांचा. बाकीच्यांनी घडी घालून वहीत ठेवला. मी तो हॉस्टेलच्या भिंतीवर उशाशी चिकटवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथून मिळालेला कुठलाही कागद मला सरकारी आदेशासारखा वाटतो.

एकच गोष्ट दोनदा सांगू नका. 'करण्यात आले' असं लिहून कोणी केलं ते लपवू नका. बातमीच्या शेवटी नावांची यादी ओतू नका. असं बरंच काही त्यात होतं आणि मला सगळं पाठ होतं.

मग मला जिथंतिथं चुका दिसायला लागल्या. नवी पेठेत मैत्रिणीबरोबर ओढणी घ्यायला गेले, तर दुकानात पाटी होती, 'दोन खरेदीवर एक मोफत फ्री'. मी दुकानदाराला समजावून सांगितलं की यातला एक शब्द जास्तीचा आहे. तो म्हणाला, "ताई, ओढणी घ्यायची हाय का?" मैत्रिणीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. घरी फोन केला तर आईलाही सोडलं नाही. आमच्या शेळ्या आहेत, माळावर तीच राखते. शेळी व्याल्याचं ती सांगत होती आणि मी मध्येच म्हणाले, "आई, 'न्हाय' नव्हं, 'नाही' म्हणायचं." आई म्हणाली, "बरं. दोन करडं झाली. नाही, नाही, तीन झाली. आता बरोबर हाय का?"

अशा तयारीनिशी मी एका स्थानिक दैनिकात दोन महिने शिकायला लागले. काम डेस्कवर. म्हणजे गावोगावच्या वार्ताहरांनी मोबाइलवर पाठवलेल्या बातम्या नीट करायच्या. डेस्कप्रमुख म्हणाले होते, "काम जमलं तर पुढे ठेवून घेऊ." पहिल्याच दिवशी मला 'मृतदेह मृतावस्थेत आढळला' हे वाक्य सापडलं आणि मी मोठ्याने हसले. आजूबाजूला कोणी हसलं नाही. मेलेला माणूस कोणाचा तरी होता हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या आठवड्यात दुधनीपलीकडच्या एका सीमेवरच्या गावातून बातमी आली. पाठवणारे काका किराणा दुकान चालवतात आणि आमच्या पेपरचे वार्ताहरही आहेत. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, म्हणून त्यांच्या मराठीत बातमी 'येतो' आणि विहीर 'भरला'. मला तर मेजवानीच. बचत गटातल्या अकरा बायकांनी गावच्या जुन्या विहिरीतला गाळ आठ दिवस खपून काढला होता. खाली अकराही जणींची पूर्ण नावं होती. मी सगळं शुद्ध केलं, नावं उडवली आणि दीड पानाच्या चार ओळी केल्या. डेस्कप्रमुख म्हणाले, "छान, आटोपशीर." त्या चार ओळींचा फोटो मी स्टेटसला ठेवला.

दोन दिवसांनी काका एसटीने थेट ऑफिसात आले. हातात तो अंक.

"ही बातमी कोण बघितलं?"

"मी, काका."

"नावं कुटं गेली?"

मी त्यांना तो नियम सांगितला. वाचकाला नावांत रस नसतो वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी अंक टेबलावर पसरला आणि त्याच पानावरच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसावर बोट ठेवलं. शुभेच्छा द्यायला आलेल्यांची चाळीसेक नावं तिथं ओळीनं बसली होती. त्या बातमीला हात लावू नकोस, असं मला सांगण्यात आलं होतं.

"हे समदे बसले. आमच्या अकरा जणीच बसल्या न्हाईत व्हय?"

मी अंक जवळ ओढून ती नावं मोजायला लागले.

"सकाळी दुकानापुढं मी पेपर मोठ्यानं वाचतो, ताई. त्या दिवशी बायका कामं टाकून आल्या. नाव येणार म्हणून मीच शब्द दिला होता. चार ओळी झाल्या, पेपर संपला. आता दुकानापुढनं जाताना तोंड फिरवतेत. माझ्याशी बोलत न्हाईत."

मी डेस्कप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "नावं राहिली म्हणून दुरुस्ती छापत नाही. नवी बातमी होत असेल तर लिही. सहाच्या आत."

मग प्रथमच माझ्या डोक्यात आलं की ती नावं रिकामी होती म्हणून कंटाळवाणी होती. कोणी काय केलं ते मी विचारलंच नव्हतं. काका तोवर परतीच्या एसटीला निघून गेले होते, म्हणून ते गावी पोचल्यावर मी फोन लावला आणि एकेकीचं काम विचारत गेले. एकीने पहिल्या दिवशी विहिरीत उतरून खोली बघितली. एकीने घरचं खोरं आणलं. दोघी जावा, एरवी एकमेकींशी अबोला, पण गाळाच्या पाट्या एकमेकींच्या हातात देत होत्या. मी भराभर लिहीत होते. अकराव्या, सगळ्यांत वयस्कर आक्काशी आलो आणि काकांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. "ती वरच होती की रोज," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. परत लावला तर उचलेनात. सहाला दहा मिनिटं होती. वर होती म्हणजे काय करत असणार? मी लिहिलं, 'आणि सर्वांना चहा करून दिला.'

बातमी छान मोठी छापून आली. मी दिवसभर काकांच्या फोनची वाट पाहिली. दुपारी आला.

"दहा जणी खूश हाईत," काका म्हणाले. "अकरावी हितंच बसल्या, बोला."

"चा?" पलीकडून आवाज आला. "मी चा पीत पण न्हाय."

"आक्का, माफ करा. तुम्ही काय करत होता?"

"दोर धरला होता की. खाली उतरणाऱ्या समद्या माज्या दोरावर. आठ दिवस. हात बघायला ये." मग तिनेच विचारलं, "तुला चा कोण सांगितलं गं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. दिवसभर माळावर राबणाऱ्या बाईची मी मुलगी, आणि एक बाई वर उभी आहे म्हटल्यावर मी तिच्या हातात किटली दिली होती. भिंतीवरच्या कागदात ही चूक नव्हती.

डेस्कप्रमुखांना जाऊन सगळं सांगितलं. पुढे ठेवून घेण्याची गोष्ट आता संपली असं धरूनच. "ही मात्र आपली चूक," ते म्हणाले, "ही छापावी लागेल. तूच लिही." मी दोन ओळी लिहिल्या. नाव पूर्ण लिहिलं, दोर लिहिला, चूक आमची असं लिहिलं. त्यांनी त्यात काही बदललं नाही. मला ठेवणार की नाही, तेही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीच काकांना फोन केला.

"वाचलो," ते म्हणाले. "आक्कानं दोनदा वाचाय लावलं. दुसऱ्या वेळी उभी राहून ऐकली."

मला बरं वाटलं. एवढ्यावर फोन ठेवायला हवा होता. पण न राहवून विचारलं, "आणि काका, भाषा बरी होती ना?"

"भाषेचं कुणी विचारलं न्हाय, ताई."