ताई साइज

शिलाईच्या त्या कारखान्यात चार मापं होती: लहान, मधलं, मोठं आणि ताई.

ताई म्हणजे खिडकीकडून दुसऱ्या मशीनवर बसणारी, पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भक्कम आणि जिभेनं त्याहून भक्कम अशी बाई. कारखान्यातला लाकडी पुतळा मोठ्या मापापाशी संपायचा. त्यापुढचा नमुना काढायचा असला की मास्तर, म्हणजे कापड कापणारे म्हातारे गृहस्थ, तिच्या मशीनपाशी येऊन घसा खाकरत आणि ताई हातातलं काम ठेवून उभी राही. असं वीस वर्षं चाललं. होता होता मापालाच तिचं नाव पडलं. दोन डझन ताई इस्त्रीला गेल्या, तीन ताई बगलेत उसवल्या, कालच्या ताईंना बटणं लावायची राहिली, असलं बोलणं तिथे दिवसभर चाले आणि नवखा माणूस दारातच थबके.

ताईला याचं काही वाटत नसे. म्हणजे, वाटत नाही असं सगळ्यांना वाटे. आपल्या अंगावरचा पहिला विनोद आपणच करून टाकायचा, म्हणजे दुसऱ्याला जागाच उरत नाही, हे शहाणपण ती शाळेत असतानाच शिकली होती. डाएट करणाऱ्या बायकांची तर ती सालं काढायची. शेजारच्या मशीनवरची काजवाली एकदा आठवडाभर नुसत्या काकड्यांवर राहिली, तेव्हा ताईनं भर जेवणाच्या सुट्टीत तिला विचारलं होतं की काकडी खाऊन तू बारीक होतेयस, की तुला बघून काकडी? काजवाली त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवली.

मग एक दिवस एक गिऱ्हाईक बाई आल्या. काजवालीनं त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि सवयीनं म्हणाली की तुम्हाला ताई लागेल. बाईंना काही कळेना. काजवालीनं बोटानं ताई दाखवली. बाईंनी ताईला वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. काही न घेताच त्या जिना उतरून गेल्या.

शिवी दिली असती तर ताईनं दोन परत दिल्या असत्या. पण आपल्याकडे बघून कुणी रडलं, तर त्याला उत्तर काय द्यायचं? त्या दिवशी सगळे हसले, ताई सगळ्यांहून मोठ्यानं हसली, आणि पुढच्याच आठवड्यात नवऱ्याला दाढ दुखते असं सांगून चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर गेली. तिथे ऑपरेशन न करता, नुसत्या गारव्यानं चरबी कमी करून देत. कंबर कसायचं वय गेलं, आता निदान गोठवून बघू, असं ती मनाशी म्हणाली.

मशीन चालवणारी मुलगी गोड होती. तिनं ताईला काकू म्हणत सगळं समजावलं: चाकू नाही, भूल नाही, जखम नाही, पण लाल होईल, सुजेल, काही दिवस जागा बधिर राहील, मुंग्या येतील आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. एका दिवशी एकच बाजू. ताईनं डावी दिली. मुलीनं पेनानं चौकोन काढला, त्यावर गार जेलीत भिजवलेलं फडकं पसरलं आणि वर एक पेला टेकवला. साफसफाईच्या मशीननं पडद्याचं टोक ओढून घ्यावं, तशी ताईची कंबर त्या पेल्यात ओढली गेली. पहिली दहा मिनिटं गारव्यानं जीव कळवळला. मग तिथे काही कळेनासंच झालं आणि ती छताकडे बघत पडून राहिली.

पाऊण तासानं पेला निघाला, तेव्हा त्याखालून फ्रीजमधल्या लोण्याच्या विटेसारखं काहीतरी निघालं. लालबुंद, टणक आणि पेल्याच्याच आकाराचं. ती वीट हातानं चोळून मऊ करायची असते, हे मुलीनं आधी सांगितलं होतं. चोळताना कसं वाटतं ते सांगितलं नव्हतं. दोन बाळंतपणांत ताईनं ज्या शिव्या राखून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या त्या दोन मिनिटांत खर्ची पडल्या. मुलीनं त्या शांतपणे ऐकल्या. तिला सवय असावी.

पुढचे तीन आठवडे मात्र मजेचे गेले. डावी कंबर बधिर. टेबलाचा कोपरा लागला तरी ताईला पत्ता नसे. मग तिथे खाज सुटली, पण ती अशी खोल की वरून कितीही खाजवा, पोचायचीच नाही. मधूनच आत टाचणी टोचल्यागत व्हायचं आणि ताई मशीनवर बसल्या बसल्या टुणकन उडायची. घरी नवऱ्यानं दाढेच्या दुखण्याचं फार मनावर घेतलं. बटाट्याचा लगदा, कुस्करलेली केळी, दुधात भिजवलेला पाव असं मऊ मऊ तो तिच्यापुढे आणून ठेवी आणि ती निमूट खाई. खोटं बोलण्याची इतकी चविष्ट शिक्षा कुणाला झाली नसेल. एकदा त्यानं विचारलं, अगं, दाढ दुखते तर कमरेला हात का लावतेस? ताई म्हणाली, नस तिथूनच जाते. त्यानं ही माहिती अख्ख्या इमारतीत पोचवली. खालच्या मजल्यावरचे आजोबा तेव्हापासून कंबर धरली की दाढ चाचपतात.

उजव्या बाजूचं मात्र घोडं अडलं. डावीकडे तिला भीती वाटली होती, म्हणून हसू आलं नव्हतं. उजवीकडे काय होणार ते ठाऊक होतं, म्हणून भीती नव्हती, आणि भीती गेल्याबरोबर गुदगुल्या सुरू झाल्या. मुलीनं पेला टेकवला की ताई खिदळायची, पोट हलायचं आणि पेला फट्‌ आवाज करून सुटायचा. पुन्हा टेकवला, पुन्हा फट्‌. ताईनं ओठ चावले, मनात पाढे म्हटले, अगदी मेलेल्या आत्याची आठवण काढली. पण ती आत्याही जन्मभर हसतच राहिली होती. शेवटी त्या मुलीच्या तोंडावरचा मास्कही आतून फुगायला लागला. दोन वेगवेगळ्या दिवशी हाच प्रकार झाला, तेव्हा मुलगी डोळे पुसत म्हणाली की काकू, फडकं सरकलं तर कातडी गारव्यानं भाजेल, हे बरं नव्हे. तुम्हाला न हसता येईल तेव्हा या. तो दिवस काही उजाडला नाही.

पण तीन महिन्यांनी डावी बाजू खरंच उतरली. आरशासमोर डावीकडून उभं राहिलं की भलतीच कुणी बाई दिसे, आणि ताईला ती बाई फार आवडली. ती रस्त्यानं चालताना दुकानांच्या काचा डावीकडे येतील अशा बेतानं चाले. अंगभर असा उल्हास की मशीनवर पाय ठरेना. आणि कुणाला काही सांगायची सोय नाही! एवढं मोठं पोट, पण त्यात एक गोष्ट मावेना. तरी ती बोलली नाही, कारण ज्या बायकांची तिनं सालं काढली होती, त्या सगळ्या सुया घेऊन टपूनच बसल्या असत्या.

नेमकं तेव्हाच एका मोठ्या दवाखान्यातून रुग्णांची कामं करणाऱ्या बायकांच्या सदऱ्यांचं काम आलं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ताई. मास्तर येऊन खाकरले. ताई उभी राहिली.

मास्तरांची रीत अशी: उजवा हात त्यांचा कामाचा, म्हणून ते कायम तिच्या डावीकडे उभे राहत. पाठीच्या मणक्यापासून बेंबीपर्यंत, म्हणजे अर्ध्याच अंगाचं माप घेत, त्यावरून अर्धा कागद कापत आणि तो दुहेरी घडीच्या कापडावर ठेवून दोन्ही बाजू एकदमच कापत. माणूस दोन्हीकडून सारखाच असतो, या भरवशावर सारा शिंपीधंदा उभा आहे. सदरा शिवून झाला, ताईनं घातला. डावीकडून अगदी साच्यातून काढल्यासारखा बसला. उजवीकडे ताणला आणि मधली बटणांची पट्टी तिरकी पळाली.

मास्तरांनी तो उतरवून टेबलावर घडी घातली. दोन्ही बाजू काठाला काठ लावून जुळल्या. पुन्हा ताईच्या अंगावर घातला, पुन्हा तिरका. त्यांनी दुसरा कापला, मग तिसरा. चष्म्याचा नंबर तपासून आले, नवी काच बसवून चौथा कापला. टेबलावर सरळ, अंगावर वाकडा. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, पण जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते आपल्याच हाताकडे बघत बसू लागले.

ताईला दुसऱ्याच सदऱ्याला सगळं उमगलं होतं. रोज ती ठरवी की आज सांगू, आणि रोज काजवालीकडे बघून तोंड मिटे. आज नाही तर उद्या मास्तर वैतागून कापडाला दोष देतील, असं ती स्वतःला समजावी. असे चार दिवस गेले, आणि तिचं दुकानांच्या काचा डावीकडे ठेवून चालणंही बंद झालं.

पाचव्या दिवशी सकाळी मास्तर आले ते फडक्यात गुंडाळलेली कात्री घेऊन. ती कात्री ते कुणाला धरूही देत नसत. त्यांनी ती ताईच्या मशीनवर ठेवली. मालकीणबाईंना सांगून आलो, महिनाअखेरीला काम सोडतो, असं ते म्हणाले.

"डोळा गेला माझा. टेबलावर सरळ दिसतं ते अंगावर वाकडं पडतंय. ही तू ठेव. इथे सरळ अशी तू एकटीच आहेस."

ताईच्या पोटातून इतक्या अवेळी हसू उसळलं की तिची तिलाच लाज वाटली. पाठोपाठ रडूही आलं.

"मास्तर, मी सरळ नाही. मीच वाकडी आहे."

आणि तिनं सांगितलं सगळं. पेला, फडकं, लोण्याची वीट, डावी, उजवी, गुदगुल्या. एकेक करून सगळी मशीनं थांबली. ताईनं आता हशाची तयारी ठेवली होती, पण कुणी हसलं नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही. ताई आणि बारीक व्हायला जाईल? जन्मभर केलेले विनोद ऐन वेळी तिच्यावरच उलटले. काजवाली म्हणाली की ताई, तुझी तर दाढ दुखत होती. ताईनं तिथल्या तिथे आ करून बत्तीसच्या बत्तीस दात दाखवले. मास्तरांनी नुसती मान हलवली. माझं मन राखायला कशाला खोटं बोलतेस, असं म्हणून ते वळायला लागले.

ताईनं त्यांच्या गळ्यातली टेप धरली. डावी वेगळी मोजा, म्हणाली, आणि उजवी वेगळी.

डावी मोजून झाली. उजवीकडे टेप लागली मात्र, ताई खिदळून वाकली. काजवालीनं तिचे खांदे धरले, आणखी दोघींनी हात धरले, तरी तिसऱ्या खेपेला कुठे आकडा हाती लागला. मास्तरांनी तो दोनदा वाचला. मग नव्या काचेचा चष्मा काढून, टेप नाकाशी धरून तिसऱ्यांदा वाचला. डावीपेक्षा पुरा एक इंच जास्त.

ते तिच्या स्टुलावर बसले.

"म्हणजे मी बरोबर कापलं होतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, आणि मग वीस वर्षांत ज्यांचा दात कुणी पाहिला नव्हता ते मास्तर खांदे उडवत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यांना बघून सगळा कारखाना पोट धरून हसला. चारही सदरे काढून आणले गेले, ताईला पुन्हा घातले गेले, आणि दर सदऱ्याला तिरकी पट्टी बघून हसण्याची नवी लाट आली. त्या गोंधळात काजवालीनं ताईच्या कानाशी लागून क्लिनिकचा पत्ता मागून घेतला. ताईनं पत्ता दिला, खाजेचं आणि त्या दोन मिनिटांचंही सांगितलं.

हशा ओसरल्यावर मास्तरांनी फडकं सोडून कात्री हातात घेतली. नमुना आता पुन्हा काढायचा होता. बाजू कुठली धरू, असं त्यांनी विचारलं. माप तुझं आहे, तू म्हणशील ते.

डावी म्हटलं असतं तर उद्यापासून ताई म्हणजे एक इंच कमी झाली असती, कायमची, कागदावर कापून. ती याचसाठी तर त्या मजल्यावर चढून गेली होती. तिनं समोरच्या सदऱ्याकडे पाहिलं. तो घालून खाटांखालची फरशी पुसणाऱ्या, आजाऱ्यांना कुशीवर वळवणाऱ्या बायका तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"उजवी धरा, मास्तर," ती म्हणाली. "आणि त्यावर अर्धा इंच जास्त सोडा. त्या बायकांना दिवसभर वाकायचंय."