सशाला बैलाचा खुराक

आमचं गाव आष्ट्याच्या शिवेला लागून, उसाच्या पट्ट्यात. घर तीन पिढ्या शर्यतीचे बैल पाळणारं. माझ्या शेवटच्या जोडीतल्या एकाचा पाय अधू झाला, तेव्हा मी जोडीच विकली, आणि अंगातली खुमखुमी कुठं जिरवावी हे मला कळेना. मी तापट माणूस. हातात कासरा नसला की घरच्यांवर ओरडत सुटतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

ससे मुलीचे. तेव्हा ती बारा वर्षांची होती. सांगलीच्या बाजारातून तिनं हट्टानं दोन आणले होते, एक पांढरा नर आणि एक करडी मादी. त्यांची नावं तिनं ठेवली होती. ती मी इथं लिहिणार नाही. तेवढा हक्क मला राहिलेला नाही.

परदेशात कुठं कुठं ससे अडथळ्यांवरून उड्या मारतात, त्यांच्या शर्यतीही लागतात, हे तिनं मोबाईलवर पाहिलं. मग सोप्यात दोन विटा मांडून त्यांवर उसाचं कांडं आडवं टाकलं. पांढऱ्यानं उडी मारायची सोडून ते कांडंच कुरतडलं. आम्ही नवरा-बायको पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी तिनं ठिबकच्या नळीचा तुकडा टाकला. पलीकडं कोथिंबिरीची काडी धरून बसायची आणि जिभेनं टाळूवर टक् टक् वाजवायची. आला तर आला. नाही आला तर तशीच मांडी घालून बसून राहायची. पंधरा दिवसांनी तो पहिल्यांदा नळीवरून गेला. पुढं काडी नसली तरी नुसत्या त्या आवाजाला यायला लागला. करडी मात्र शेवटपर्यंत नळीखालूनच जायची.

"अशानं कवा शिकायचं गं त्यानं?" मी म्हणायचो. "जनावराला जरब लागती."

"भ्या घातलं की तो येत न्हाई, पप्पा," ती म्हणायची.

तीन पिढ्यांच्या बैलवाल्याला हे बारा वर्षांच्या पोरीनं सांगावं! मी हसण्यावारी नेलं. पण माझं लक्ष हळूहळू तिकडंच लागायला लागलं. नळी एक वीत वर गेली, मग दीड. चहाच्या टपरीवर एकदा जुने शर्यतीवाले दोस्त भेटले, तेव्हा मी बोलून गेलो की आमचा ससा दीड वीत उडतो.

"बैलं इकली आन् सशाच्या नादी लागला व्हय रं गड्या?" एक जण म्हणाला. सगळे खिदळले. हसण्यासारखंच होतं ते, पण मला झोंबलं.

"हा सोडून पुढच्या ऐतवारी या घरी," मी म्हणालो. "दोन वीत उडवून दावतो."

तिथून खुराक सुरू झाला. शर्यतीच्या आधी बैलाला खुराक लावतात हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. कणकेचे गोळे, गूळ, भिजवलेले हरभरे, वर तूप. सशालाही मी तेच चालू केलं, बारीक घास करून. त्याला गोडी लागली. गवताकडं बघेना झाला, पण माझा हात हुंगत यायचा. "बघ, आता माझ्याकडं येतोय," मी मुलीला म्हणालो. तिनं हातातली कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. तिला वाईट वाटलं असणार, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला.

बायको म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. जनावराची तब्येत ती लेंड्यांवरून सांगते. आठवडाभरानं पिंजरा झाडताना ती म्हणाली, "आवं, लेंड्या बघा ह्याच्या. पार बारीक झाल्यात. एवढी कणीक नका चारू. आमच्यात मेंढरू असंच दाणा खाऊन मरतं."

"तुमा मेंढरंवाल्यांना खुराकातलं काय कळतंय?" मी म्हणालो.

तिच्या माहेरावरून मी असं कितीदा तरी बोललो होतो. तिनं नेहमीसारखं सोडून दिलं.

ठरल्या रविवारी सकाळी पांढरा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. तोंड हलत होतं आणि कर्र कर्र असा बारीक आवाज येत होता. दोस्त सोप्यात येऊन बसले होते. मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, आज नको. त्याला बरं न्हाई."

"बरं नसाय काय झालंय? रवंथ करतोय बघ निवांत."

बैल रवंथ करतोय म्हणजे पोट जाग्यावर, जनावर खुशीत. जन्मभर मी हेच बघत आलो होतो.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं वाकून कान दिला. "रवंथ न्हाई हा. दात खातोय त्यो. दुखतंय त्याला."

चारचौघांत बायकोनं चूक काढली. माझं डोकं फिरलं. मी त्याला उचलून नळीसमोर ठेवलं. टाळ्या वाजवल्या, तो हलला नाही. गोळा दाखवला, त्यानं तोंड फिरवलं. एक दोस्त गालात हसला. मग मी मुलीवर ओरडलो, "वाजीव की ते तुझं टक् टक्!"

तिनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पलीकडं मांडी घालून बसली आणि वाजवलं.

त्यानं उडी मारली. मागचे पाय नळीला अडकले, नळी पडली, पण तो पलीकडं गेला. दोस्तांनी टाळ्या पिटल्या. तो तिच्या गुडघ्याशी आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही.

मोटारसायकलवरून सांगलीला नेईपर्यंत तिच्या मांडीवरच्या टॉवेलात तो गार पडत चालला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी टेबलावर घेतला, आणि थोड्याच वेळात तो गेला. पीठ आणि गोड खाऊन आतडं बंद पडलं होतं, डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी कळा सोसत असणार. मुलीनं त्यांना एकच विचारलं.

"ससा रवंथ करतो का?"

"नाही, बाळ."

येताना गाडीवर ती मागून म्हणाली, "मी बोलावलं म्हणून त्यानं उडी मारली."

गाडी थांबवायची आणि चूक माझी आहे एवढं म्हणायचं, बस्स. मी म्हणालो, "गप बस आता."

त्याला उसाच्या कडेला पुरलं. विटा तिनंच उचलून परसात रचून ठेवल्या. बायको आजवर एकदाही 'मी सांगत हुते' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. करडी अजून आहे. टक् टक् मात्र घरात पुन्हा वाजलं नाही.

वर्ष गेलं. गेल्या आठवड्यात मुलगी करडीपुढं गवत टाकत होती, तेव्हा मी शेजारी जाऊन बसलो. मीही मूठभर गवत हातात घेतलं.

"त्या दिवशीची चूक माझी हुती," मी म्हणालो. "तुझी न्हवं."

"म्हाईत हाय मला, पप्पा."

ती गवत टाकत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण तुमचं त्यानं ऐकलं न्हवतं. माझं ऐकलं."