तीस हजारांच्या स्पीकरवर बाबांचं भजन

मंडळी, आज आईला घेऊन मेहकरला स्पीकर बघायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "ओळखीचं गाणं लावा, फरक समजते." मी मोबाईलमधलं बाबांचं भजन लावलं. जानेफळच्या देवळातलं, बाबा वारले त्याच्या थोडंच आधीचं.

दोन हजारांच्या स्पीकरवर भजन छान वाटलं. आठ हजारांच्यावर टाळ आणि पेटी वेगवेगळी ऐकू आली. तीस हजारांच्यावर प्रत्येक ओळीनंतर बाबांना लागलेली धाप ऐकू आली.

"बंद कर रे," आई म्हणाली. "तुह्या बाबाले तवाच दम लागून राह्यला होता. मी बाजूलेच टाळ वाजवत होती."

दोन हजारांचाच स्पीकर आणला. घरी तेच भजन लावलं, तर आता त्याच्यातही ती धाप ऐकू येते.

एकदा ऐकलेलं पुसता येतं का हो?