बर्फातला सोमवार

हा अनुभव लिहावा की लिहू नये, या विचारात बरेच महिने गेले. मी काही भाविक माणूस नव्हतो. बदलापूरच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, तोही एकदाही देशाबाहेर पाऊल न टाकता. खडूनं आल्प्स काढायचा आणि डस्टरनं पुसायचा, एवढाच माझा जगप्रवास.

माझी पत्नी दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जायची. दर्शन होईपर्यंत अन्नाचा कण खायची नाही. तिथला गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जावं लागतं. मी सोबत जायचो, पण बाहेर झाडाखाली पुस्तक उघडून बसायचो. ती म्हणायची, "या की आत." मी म्हणायचो, "एवढं प्रकरण संपवतो." अशी किती प्रकरणं संपली, पण मी काही उतरलो नाही.

शेवटच्या आजारपणात तिनं एकच मागितलं. "माझा सोमवार वर्षभर तुम्ही सांभाळा. फोटोला हात जोडून मोकळं व्हायचं नाही हं. पायऱ्या उतरायच्या." मी हो म्हटलं. तिला दिलेलं ते माझं शेवटचं वचन.

मी सोमवार करू लागलो. तिच्यासारखाच उपाशीपोटी उतरायचो, पिंडीवर पाणी घालायचो, वर यायचो. मन मात्र कोरडंच राहायचं. देव तर दूरच, तीसुद्धा तिथं भेटत नव्हती. वचन पाळणं म्हणजे हजेरीपट भरणं झालं होतं.

वर्ष पुरं व्हायला पाच सोमवार उरले असताना युरोपची सहल आली. ती आम्ही दोघांनी ठरवलेली. स्वयंपाकघरात कॅलेंडरवरच्या बर्फाच्या डोंगराचं चित्र तिनं कितीतरी वर्षं उतरवू दिलं नव्हतं. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "बाबा, आईचा डोंगर तुम्ही बघून या."

बसमध्ये शेजारच्या रिकाम्या सीटवर मी तिची शाल ठेवली. पहिल्याच दिवशी उल्हासनगरच्या लाजवंतीभाभी समोर उभ्या राहिल्या. साठीच्या, ठणठणीत आवाजाच्या सिंधी बाई. "साईं, शाल को खिडकी के पास बिठाओ और मेरे को जगह दो. पीछे बैठी तो उलटी होती है." मी शाल उचलून खिडकीपाशी ठेवली. त्या दिवसापासून आम्ही तिघं प्रवास करू लागलो.

लंडनच्या बागेतली बाकं मला फार आवडली. प्रत्येकावर कुणा दिवंगताच्या नावाची छोटी पाटी, आणि त्यावर टेकून लोक खुशाल सँडविच खात होते. शोक असाही करता येतो, हे मला नवीन होतं. हॉलंडमध्ये कालव्याचं पाणी शेतापेक्षा उंचावरून वाहताना पाहिलं आणि हेच मी वर्गात किती कंटाळवाणं सांगितलं असेल, याची लाज वाटली. पॅरिसमध्ये एक आजोबा हातभर लांब पाव छत्रीसारखा काखेत मारून चालले होते. लाजवंतीभाभी म्हणाल्या, "पाऊस आला तर उघडतील बहुतेक." बऱ्याच महिन्यांनी मी मोठ्यानं हसलो.

पहिला सोमवार लंडनमध्ये आला. तिथं मंदिर सापडलं, निभावलं. दुसरा आला स्वित्झर्लंडमध्ये. नाश्त्याच्या टेबलावर मी नुसता बसून होतो. टूर मॅनेजर म्हणाला, "सर, इथं कुठलं शंकराचं देऊळ? घरी गेल्यावर दोन सोमवार एकदम करा ना!" सगळे हसले. घरी पोचायला पाच दिवस होते. माझ्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नव्हत्या. म्हणजे संध्याकाळपर्यंत उपास मोडणार हे ठरलेलंच. तिच्याशी बोललेली एवढी एक गोष्टही मला शेवटपर्यंत नेता येणार नव्हती.

बस कुरणांमधून वर चढली. गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकून बदलापूरजवळच्या बारवी धरणाकडच्या पाड्यांवरची गुरं आठवली. मग तो डोंगर दिसला, अगदी कॅलेंडरवरचा. मी शाल काचेला लावून धरली.

वर हिमनदीच्या पोटात कोरलेली गुहा होती. मंडळी आत निघाली. मी बाहेर उन्हात बाकावर बसलो आणि सवयीनं पुस्तक काढलं.

"मास्तर, पुस्तक तो बदलापूर में भी था!" लाजवंतीभाभी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "चला. मेरे घुटने का भरोसा नहीं. हात द्या."

केवळ त्यांना आधार म्हणून उठलो. आत पायऱ्या होत्या, खाली जाणाऱ्या. कठडा धरून, त्यांचा हात धरून मी एकेक उतरत गेलो. थंडगार भिंती, निळसर उजेड, कुठंतरी पाण्याची टपटप. शेवटच्या वळणावर छतातून थेंब थेंब पाणी पडत होतं आणि त्याखाली गोठून बर्फाचा गुडघाभर उंच, गोल, गुळगुळीत उंचवटा झाला होता. वरून संथ अभिषेक चालूच होता.

पाणी ठिबकतं तिथं असा आकार होतो, हे मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. मी त्याविरुद्ध काहीच म्हणत नाही. एवढंच सांगतो की मी गुडघ्यांवर बसलो, आणि अंबरनाथला अकरा महिने जे झालं नव्हतं ते झालं. ती शेजारी आहे असं वाटलं. रडू आलं, पण दुःखाचं नव्हतं. भाभींनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

वर आल्यावर त्यांनी पर्समधून फॉइलची पुडी काढली. घरून आणलेली कोकी, म्हणजे सिंध्यांची जाड खरपूस रोटी. "खाओ साईं. हो गया ना दर्शन? आता मी पण खाते."

"तुम्ही नाश्ता केला नाही?"

"आप भूखे बैठे और मैं सामने ब्रेड चबाऊँ? पेट में चूहे नाच रहे हैं सुबह से!"

ती वाळकी कोकी आम्ही अर्धी-अर्धी खाल्ली. इतका गोड प्रसाद मी कधी खाल्लेला नाही.

देव मला डोंगरावर भेटला असं लोक म्हणतात, तेव्हा मी दुरुस्ती करतो. डोंगरावर मी पुस्तक घेऊन बसलो होतो. कुणीतरी हात मागितला म्हणून उतरलो, तेव्हा भेटला. त्या हाताचे आणि तो धाडणाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही. पाळणारा मीच, मोडणारा मीच, या ओझ्यातून मी तिथं सुटलो.

वर्ष पुरं झालं, सोमवार चालूच आहे. पिशवीत पुस्तक अजून असतं. झाडाखाली मात्र आता कुणी बसत नाही.