खांद्याचं कुणाला सांगायचं नाही

आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नव्हती. ताप लपवता येत नाही म्हणून तो तेवढा चालायचा. बाकी मुरगळणं, लचकणं, सुजणं ज्याचं त्यानं निस्तरायचं, आणि फारच झालं तर गावच्या तालमीतल्या वस्तादांना दाखवायचं. नियम आजोबांचा. ते पैलवान होते. एका यात्रेच्या मैदानाआधी त्यांचं बोट मोडलं आणि ते त्यांनी चहाच्या टपरीवर कुणाजवळ तरी बोलून दाखवलं. कुस्ती लागल्यावर समोरच्या गड्यानं दुसरं काही धरलंच नाही, तेच बोट धरलं. आजोबा पडले. म्हातारपणीही ते वाकडं बोट वर करून ही हकिकत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "दुखणं तालमीभाईर न्यायचं न्हाई."

अशा घरातली मी टेनिस खेळायचे. आष्ट्याजवळच्या खेड्यात टेनिस म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे. माझे वडील, आप्पा, सैन्यात हवालदार होते आणि तिथं बरीच वर्षं त्यांची नेमणूक अधिकाऱ्यांच्या टेनिस कोर्टावर होती. मुरूम चाळायचा, रूळ फिरवायचा, पाणी मारायचं, फक्कीच्या रेघा ओढायच्या, जाळी बांधायची. स्वतः त्यांनी तिथं एकदाही रॅकेट हातात धरली नाही, पण बघून बघून त्यांना सगळा खेळ पाठ झाला होता. निवृत्त होऊन आले आणि विहिरीकडच्या तुकड्यातला ऊस काढून त्यांनी तिथं कोर्ट केलं. पहिली जाळी नदीवरच्या भोयांकडून आणलेली, मासे धरायची. चुलते म्हणाले, "आवं आप्पा, उसाच्या रानात मासं धरताय व्हय?" आप्पा हसले नाहीत. खेळाच्या बाबतीत ते कधीच हसायचे नाहीत, हा त्यांचा मोठा दुर्गुण.

मी जिंकायला लागले तशी चुलत्यांची थट्टा बंद झाली. आधी जिल्हा, मग राज्य, मग चौदा आणि सोळा वर्षांखालच्या देशभरातल्या स्पर्धा. सांगलीच्या क्लबमधल्या सरांनी मला घेतलं आणि मी रोज पहाटेच्या एसटीनं सांगलीला जायला लागले. गावानं माझी जीपमधून मिरवणूक काढली, गुलाल उधळला, आणि मला बक्षीस म्हणून, हसू नका, पैलवानाला देतात तशी गदा दिली. ती गदा घेऊन काढलेला माझा फोटो अजून ग्रामपंचायतीत आहे. मी आठ्या घालून उभी आहे, कारण ती उजव्या हातानं उचलताना खांद्यात कळ गेली होती. फोटोत बघणाऱ्यांना वाटतं, पोरगी फार करारी आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सरांनी माझ्यासाठी एक वाट आखली होती. बारावी झाली की अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात टेनिसच्या शिष्यवृत्तीवर जायचं, चार वर्षं तिथल्या संघातून खेळायचं, आणि अंगात दम उरला तर तिथून व्यावसायिक स्पर्धांकडं वळायचं. आमच्यासारख्या घरातल्या पोरीला दुसरी वाट नाही, असं ते स्पष्ट म्हणायचे. आणि मला तर दुसरं काही दिसतच नव्हतं. मी झोपेतही सर्व्हिस करायचे, असं आई सांगते.

आणि सर्व्हिसलाच खांदा दुखायला लागला. पहिल्यांदा आप्पांना सांगितलं तेव्हा ते कोर्टावर पाणी मारत होते. नळी तशीच हातात धरून त्यांनी आधी रस्त्याकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

"सरास्नी सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांगू नगं. सर चार ठिकाणी बोलत्यात. खांद्याचं कुणाला सांगायचं न्हाई."

संध्याकाळी वस्ताद आले. मी तालमीत जाऊ शकत नव्हते, बायकांना तिथं प्रवेश नव्हता, म्हणून गोठ्याशेजारच्या खोलीत बसवून त्यांनी खांदा चोळला. कोमट तेल, हळद आणि त्यांचे ते दगडी अंगठे. मी ओठ दाबून बसले. वस्ताद वाईट माणूस नव्हते, हे मी आज रागात असतानाही म्हणते. त्यांनी कितीतरी उतरलेले खांदे बसवले होते. माझा उतरला नव्हता, आत फाटत चालला होता, आणि ते बोटांना कळण्यासारखं नव्हतं. चोळल्यावर दोन दिवस बरं वाटायचं आणि मी पुन्हा खेळायचे.

सरांना शंका आली होती. मी चेंडू पूर्वीइतका उंच उडवत नव्हते. "सर्व्हिस का बदलली?" त्यांनी विचारलं. माझ्याआधी आप्पाच बोलले, "नवा प्रयोग चाललाय सर." सर हवालदारसाहेबांना मान द्यायचे. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

मग अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षिकाबाईंनी माझ्या सामन्यांचे व्हिडिओ बघून बोलायला वेळ दिली. तिकडं संध्याकाळ, आपल्याकडं सकाळ. चुलतभावाचा लॅपटॉप ओट्यावर ठेवला होता आणि म्हैस ओरडू नये म्हणून आई तिला आंबोण घालत उभी होती. मी पाठ केलेलं इंग्रजी बोलत होते. बाई मोठ्या प्रेमळ निघाल्या. मला चिडवत होत्या, आमच्याकडं इतकं तिखट मिळणार नाही म्हणून. सगळं ठरल्यासारखंच होतं. शेवटी त्यांनी विचारलं, कुठली दुखापत आहे का, जुनी किंवा नवी, लहानशी असली तरी सांग.

आप्पा लॅपटॉपच्या मागं उभे होते, त्यांना त्या दिसत नव्हत्या आणि बाईंना ते. इंग्रजी त्यांना सैन्यात राहिल्यामुळं कळत होतं. त्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली.

मी म्हणाले, "नाही."

बाईंनी जागा देऊ केली. ऑगस्टमध्ये निघायचं ठरलं. त्याआधी साताऱ्याला एक स्पर्धा होती, आणि खरं तर ती खेळायची मला काहीच गरज नव्हती. मी तसं म्हटलंही. आप्पा म्हणाले, "नाव दिलंय. आता काढलं तर लोक इचारणार, का काढलं म्हणून. काय सांगायचं?" घरातल्या कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मैदानावर नाव पुकारल्यावर पैलवान मागं सरत नाही, तसंच हे.

साताऱ्याला अंतिम सामन्यात मी पुढं होते. दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिससाठी हात वर नेला आणि खांद्यात काहीतरी सुटलं. आवाज खरंच झाला की नाही ते माहीत नाही, मला तो ऐकू आला एवढं खरं. रॅकेट खाली पडली आणि मला ती उचलता येईना. सर धावत आले. त्यांच्या मागून आप्पा. आप्पांचे पहिले शब्द होते, "आत्ता झालं सर. आत्ताच."

मिरजेला तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, हे परवाचं, आणि हे त्याच्या खूप आधीचं. सरांनी आप्पांकडं बघितलं. मग सरांनी आपली टोपी उचलली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत.

प्रशिक्षिकाबाईंशी मी पुन्हा एकदा बोलले, तोच ओटा, तोच लॅपटॉप. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, दुखापत असलेल्या मुली आम्ही घेतो, आमच्याकडं त्यासाठी डॉक्टर आहेत, मी एक वर्ष तुझी वाटही बघितली असती. पण मी तुला विचारलं होतं. मी या वेळी लॅपटॉपच्या मागं बघितलं नाही. आप्पा तिथं नव्हतेच. ते कोर्टावर रूळ फिरवत होते, त्याचा आवाज ओट्यावर येत होता.

ऑपरेशन झालं, खांदा जेवणखाणापुरता बरा झाला. सर्व्हिस गेली ती गेलीच. मी साताऱ्याला बी.पी.एड. केलं आणि आता सांगलीत एका मैदानावर लहान मुलींना शिकवते. मी फार बोलते त्यांच्याशी. सारखी विचारते, कुठं दुखतंय का, इथं दाबलं तर, हात असा नेला तर. त्यांच्या आया कंटाळतात. एक तर म्हणाली, "मॅडम, तुमी पोरींच्या डोक्यात दुखणं भरवताय." मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आप्पांशी मी मोजकंच बोलायचे. जेवलात का, गोळी घेतली का, एसटी चुकली. त्यांनी माफी मागितली नाही आणि मागितली असती तरी मी ती दिली नसती. त्या तुकड्यात पुन्हा ऊस लावा म्हणून चुलते मागं लागले होते, पण आप्पा ऐकेनात. कुणी खेळत नसलेल्या कोर्टावर ते रोज पाणी मारायचे, रेघा ओढायचे. मला त्याचा संताप यायचा. गावाकडं गेले की मी विहिरीच्या वाटेनं जातच नसे.

गेल्या उन्हाळ्यात ते त्याच रुळाशेजारी कोसळले. पुन्हा मिरज. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पोटात सुरू झालेलं यकृतापर्यंत गेलं होतं. खूप दिवसांचं आहे, म्हणाले, त्यांनी काहीच कसं सांगितलं नाही?

बाकावर वस्ताद बसले होते. गावाकडून पहिल्या एसटीनं आले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वर बघितलं नाही. "व्हय. दिवाळीपास्नं पोट चोळून देतुया."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रागवलीयास म्हणला. त्यात आनी हे कशाला, म्हणला."

मला तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि त्या म्हाताऱ्याला गदगदा हलवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. आत गेले.

डॉक्टर खाटेशी उभे होते. ते मला आधीच म्हणाले होते की आता एकच गोष्ट आपल्या हातात आहे, दुखणं कमी करणं, पण हे तर दुखतच नाही म्हणतात, मग औषध किती द्यायचं? त्यांनी आप्पांना पुन्हा विचारलं. आप्पांच्या कपाळावर घाम होता. खाटेची कड त्यांनी मुठीत धरली होती.

"न्हाई साहेब. जरा ग्यास हाय, एवढंच."

आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली.

"खोटं बोलतायत ते," मी म्हणाले. "दिवाळीपासून दुखतंय त्यांना. बाहेर बसलेत त्यांना विचारा."

आप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, आता ते माझ्याशी कधी बोलणार नाहीत. मी पलीकडच्या बाजूला जाऊन त्यांच्या मुठीवर हात ठेवला, उजवाच, तो तेवढाच वर जातो. बऱ्याच वेळानं, भिंतीकडं बघतच, ते म्हणाले, "लय दुखतंय गं."